चाळीस अर्ज, एक जागा: नोकरभरतीत माणसं कुठे गळतात

पन्नास-शंभर माणसांच्या कंपनीत भरती निःपक्ष करायची म्हटली की पहिली धाव मुलाखतीकडे असते. पॅनेलवर एक बाई बसवतात, एचआरला एक दिवसाचं प्रशिक्षण देतात. पण तोवर बरीच माणसं जाहिरातीत आणि अर्जांच्या चाळणीत गळून गेलेली असतात. म्हणून सुरुवात तिथून करा. उदाहरणाला अकाउंट्स असिस्टंटची एक जागा घेऊ.

‘वय २२ ते २८, अविवाहित, प्रसन्न व्यक्तिमत्त्व, स्वतःची दुचाकी आवश्यक’ अशा जाहिराती आजही सर्रास दिसतात. यातल्या एकाही अटीचा हिशेबाशी संबंध नाही. त्याऐवजी काम लिहा: टॅलीत रोजच्या नोंदी, बँक खात्याचा मेळ, दर महिन्याच्या ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राची तयारी. दुचाकी आठवड्यातून एकदा बँकेत जायला हवी असेल, तर ‘आठवड्यातून एकदा बँकेत जावं लागेल, प्रवासखर्च कंपनी देईल’ एवढं पुरतं. पगार किती ते किती, हे छापा. मागचा पगार विचारू नका. जिला आधीच कमी मिळत होतं, तिला त्यावर टक्के चढवून पुन्हा कमीच मिळतं.

जाहिरात फक्त कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तर आहेत तशाच घरांतली माणसं येणार. राज्य सरकारचं महास्वयं रोजगार पोर्टल, जवळची सरकारी कॉलेजं, समाजकल्याण वसतिगृहं इथेही पाठवा. ओळखीतून आलेला अर्ज जरूर घ्या, पण त्याला एकही पायरी माफ करू नका.

आता चाळणी. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे आठवावा. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना तोडीस तोड पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक मुख्यतः नावांचा ठेवला. दलित आणि मुस्लिम नावांना उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी बोलावणी आली. तेव्हा नावं झाका, पण आपल्याकडे तेवढ्यानं भागत नाही. आडनाव ईमेलमध्ये असतं, पीडीएफच्या फाइलनावात असतं. वडिलांचं नाव, मूळ गाव, शाळा, कधीकधी विद्यापीठाचं नावसुद्धा तेच सांगून जातं. बाजारात मिळणाऱ्या बायोडेटाच्या नमुन्यात तर धर्म-जातीचा रकानाच असतो. हे सगळं, शिवाय फोटो, जन्मतारीख आणि वैवाहिक स्थिती काढून एक्सेलमध्ये फक्त अर्ज क्रमांक, पदवी, अनुभवाची वर्षं आणि येणारी कामं भरा. चाळीस अर्जांना प्रत्येकी चार मिनिटं धरली तर सुमारे पावणेतीन तास लागतात. झाकणारा आणि गुण देणारा एकच असू नये, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

मुलाखतीआधी सर्वांना सारखीच ४० मिनिटांची चाचणी द्या: बारा बिलं, त्यांतली तीन चुकीची, चुका शोधा. प्रत्यक्ष मुलाखतीत सगळ्यांना तेच पाच प्रश्न, त्याच क्रमानं. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण, आणि कोणत्या उत्तराला किती गुण हे आधीच कागदावर. ‘मूळचे कुठले?’, ‘लग्नाचं काय ठरलंय?’, ‘मुलांना कोण सांभाळतं?’ हे गप्पांच्या ओघातही नको. गुण लिहून झाल्याशिवाय पॅनेलनं आपसात बोलू नये, आणि साहेबांनी सर्वांत शेवटी बोलावं. ते आधी बोलले की बाकीचे आकडे हळूच सरकतात. ‘आपल्यात बसेल असं वाटत नाही’ असं कोणी म्हणालं, तर पाचांपैकी कोणत्या प्रश्नात कमी पडला ते विचारा. बहुतेकदा अडतं ते बोलीच्या हेलावर.

दिव्यांग उमेदवारांसाठी वेगळी दयाबुद्धी नको, तयारी हवी. बोलावण्याच्या पत्रात सर्वांनाच विचारा: मुलाखतीसाठी काही सोय हवी आहे का? रॅम्प, लिफ्ट, सांकेतिक भाषेचे दुभाषी, लेखनिक, ज्यांना गरज आहे त्यांना तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, असे पर्याय नावानिशी लिहा. नुसतं विचारलं तर लोक संकोचानं ‘नको’ म्हणतात. प्रश्नपत्रिका स्कॅन केलेली किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधली असेल तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर, ती वाचू शकत नाही. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. आदल्या दिवशी फाइल त्यात उघडून ऐका. दिव्यांगत्व कसं आलं हा प्रश्न नको. हे काम तुम्ही कसं कराल, हा चालतो. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेलाही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील नियमांनुसार समान संधी धोरण आणि संपर्क अधिकारी लागतो. अनेक कंपन्यांना हे ठाऊकच नसतं.

मग मोजणी. लिंग, दिव्यांगत्व, सामाजिक प्रवर्ग हे वेगळ्या, ऐच्छिक फॉर्मवर घ्या. निवड करणाऱ्यांना तो दिसता कामा नये. समजा २४ पुरुषांनी आणि १६ स्त्रियांनी अर्ज केले, चाळणीतून ८ पुरुष आणि २ स्त्रिया पुढे आल्या. पुरुषांत तिघांत एक, स्त्रियांत आठांत एक. दोष चाळणीच्या निकषात शोधा: ‘सलग अनुभव’ मागितला असेल, तर बाळंतपणासाठी थांबलेल्या बायका तिथेच अडकल्या असतील. एका जागेवरून मात्र निष्कर्ष काढू नका. वर्षभराच्या भरत्यांची बेरीज घ्या.

निवड झाल्यावर राहते ती वैद्यकीय तपासणी. प्रयोगशाळेचं तयार पॅकेज तसंच उचलू नका, त्यातली यादी वाचा. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे. गर्भधारणेची चाचणी यादीत असेल तर तीही काढायला लावा. या कामाला नजरेची तपासणी पुरते, आणि चष्मा लावून नीट दिसत असेल तर तीही तिथेच संपते.