‘युनियन’चे मराठी करताना आधी जोड ओळखावी

सोलापुरात ‘युनियन’ या शब्दाचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. गिरण्यांच्या काळापासून तो इथल्या बोलण्यात मुरलेला आहे. विडी वळणाऱ्या बाया ‘माझं युनियनमध्ये नाव आहे’ असे सहज म्हणतात, आणि घरात मराठी, कन्नड, तेलुगू किंवा उर्दू यांपैकी कोणतीही भाषा चालत असली तरी हा शब्द बदलत नाही. अनुवाद करणाऱ्याची अडचण याच ओळखीतून सुरू होते. कामगारांची संघटना हा एकच अर्थ मनात इतका पक्का बसलेला असतो की इंग्रजी कागदावर हा शब्द दिसताच हात विचार न करता ‘संघटना’ असे लिहून पुढे जातो.

काही वर्षांपूर्वी एका यंत्रमाग कामगाराचे नुकसानभरपाईचे कागद माझ्याकडे तपासण्यासाठी आले होते. मागात हात सापडून त्याच्या मनगटाजवळचे हाड मोडले होते. डॉक्टरांच्या इंग्रजी अहवालात ‘नॉन-युनियन’ अशी नोंद होती, म्हणजे हाड जुळून आलेले नव्हते. सोबतच्या मराठी अनुवादात मात्र त्या जागी ‘कामगार संघटनेचा सभासद नाही’ असे लिहिलेले होते. त्या एका ओळीने दुखापतीचा मुख्य पुरावा अर्जातून नाहीसा झाला, कागद परत आले, आणि हाताने काम करणे अशक्य झालेल्या त्या माणसाला पुन्हा हेलपाटे घालावे लागले. तेव्हापासून मी नव्याने अनुवाद शिकणाऱ्यांना सर्वांत आधी याच शब्दावर काम करायला सांगतो.

या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘एक’ हा अर्थ आहे. मराठीत मात्र एक होण्यासाठी एकच क्रियापद पुरत नाही. हाड जुळते, तुटलेला धागा सांधला जातो, माणसे एकत्र येतात, संस्थाने विलीन होतात, नदी नदीला मिळते आणि जीव ऐक्य पावतो. या क्रियापदांची अदलाबदल आपण बोलताना कधीही करत नाही. चूक होते ती फक्त इंग्रजीतून मराठीत येताना. म्हणून शब्दकोश उघडण्यापूर्वी कागदावरच्या जोडणीबद्दल तीन प्रश्न विचारावेत. काय कशाला जोडले गेले आहे? जोडल्यानंतर ते दोन्ही भाग आपापल्या रूपात उरतात का? आणि ही जोड पुन्हा सोडवता येते का? या तिघांची उत्तरे मिळाली की मराठी शब्द बहुतेक वेळा आपण होऊन पुढे येतो.

सर्वांत सोपे उदाहरण घरातल्या मोटारीजवळ सापडेल. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे हौद आणि मोटार बऱ्याच घरांत असते. मोटारीच्या पाइपवर जो मोठ्या नटाचा जोड असतो, त्याला प्लंबर ‘युनियन’ म्हणतात. त्याचे तीन भाग असतात: दोन बाजूंच्या पाइपांवर बसणारी दोन टोके आणि त्यांना एकमेकांवर घट्ट दाबून धरणारा नट. साध्या सॉकेटने जोडलेला आट्यांचा पाइप काढायचा तर तो पाइपच फिरवावा लागतो, आणि दोन्ही टोके अडकलेली असतील तर कापावा लागतो. इथे मात्र पान्याने नट सैल केला की मोटार बाजूला घेता येते. म्हणजे ज्या वस्तूला इंग्रजीने एक होण्याचे नाव दिले, तिची खरी उपयुक्तता सहज वेगळे होण्यात आहे. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत हा शब्द आला तर ‘संयोग’ किंवा ‘जोडणी’ असे काही घडवू नये. ‘युनियन’च ठेवावे, कारण दुकानात जाऊन ग्राहक तोच शब्द मागणार आहे.

हाडाच्या बाबतीत उत्तर याच्या अगदी उलट येते. तिथे जोड सुटणे अपेक्षितच नसते, आणि नीट भरलेल्या हाडात दोन तुकडे वेगळे ओळखूही येत नाहीत. म्हणून ‘हाड जुळले’ किंवा ‘सांधले’ हे जुने शब्द उत्तम आहेत. जुळायला नेहमीपेक्षा जास्त काळ लागत असेल तर तसे सरळ वाक्यात सांगावे. वाकडे किंवा आखूड जुळले असेल तर ‘चुकीच्या स्थितीत जुळले’ असे लिहावे. आणि ज्या नोंदीने त्या कामगाराचे नुकसान केले, तिच्यासाठी ‘हाड जुळून आलेले नाही’ एवढे पुरेसे आहे. वैद्यकीय कागदावर जड संस्कृत शब्दापेक्षा रुग्णाला समजणारे पूर्ण वाक्य अधिक मोलाचे असते, असे माझे ठाम मत आहे.

आता माणसांच्या एकत्र येण्याकडे वळू. इथे मराठीत संघटना, संघ, संस्था, मंडळ आणि परिषद असे अनेक शब्द हाताशी असल्यामुळे गोंधळ वाढतो. ट्रेड युनियनला ‘कामगार संघटना’ म्हणणे रूढ आहे आणि बहुतेक ठिकाणी ते बरोबरही असते. पण १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातील व्याख्या वाचली तर तीत कामगार आणि मालक यांच्यातील संबंधांचे नियमन करण्यासाठी झालेल्या एकजुटीबरोबर मालक आणि मालक यांच्यातील संबंधांसाठी झालेली एकजूटही बसते, आणि नोंदणीसाठी किमान सात सभासदांची अट घातलेली दिसते. म्हणजे यंत्रमाग मालकांची एकजूटही त्या व्याख्येत येऊ शकत होती. जुन्या न्यायालयीन कागदावर हा शब्द आला तर सभासद कोण आहेत हे पाहिल्याशिवाय ‘कामगार’ हे विशेषण लावू नये.

दुसरी गल्लत युनियन आणि सोसायटी यांच्यात होते, आणि सोलापुरात ती विशेष होते, कारण इथे एकाच चळवळीतून दोन्ही उभ्या राहिल्या. सोलापूरजवळच्या कुंभारी येथे विडी कामगार महिलांसाठी १० हजार घरांची जी वसाहत झाली, तिच्यामागे कामगार संघटनेचा लढा होता. पण घरे बांधणारी आणि सभासदांना देणारी ती सहकारी गृहनिर्माण संस्था होती. संघटना मजुरीसाठी भांडते, तर संस्था मालमत्ता बाळगते. दोघींचे सभासद तेच असले तरी कायदा, नोंदणी आणि जबाबदारी वेगळी असते. घराच्या कागदावर ‘युनियन’ला ‘संस्था’ किंवा संस्थेला ‘युनियन’ केले तर मालकी हक्काचा प्रश्न निर्माण होऊ शकतो.

सहकाराने मात्र या शब्दांची फार सुरेख उतरंड मराठीत लावून ठेवली आहे. दुधाच्या व्यवसायात गावात संस्था, जिल्ह्यात संघ आणि राज्यात महासंघ अशी रचना असते, आणि इंग्रजीत त्यांनाच अनुक्रमे सोसायटी, युनियन आणि फेडरेशन म्हणतात. म्हणून दुधाच्या कागदावरची युनियन म्हणजे ‘दूध संघ’. तिथे ‘दूध उत्पादकांची संघटना’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला दरवाढीसाठी झालेले आंदोलन आठवेल. क्रेडिट युनियनसाठी ‘पतसंस्था’ हा शब्द जवळचा आहे. बँकेच्या नावात हा शब्द असेल तर ते विशेषनाम आहे, त्याला हात लावू नये.

यापुढचा प्रांत राज्यघटनेचा आहे, आणि इथे थोडे थांबावे लागते. घटनेच्या पहिल्या अनुच्छेदात भारताला ‘राज्यांचा संघ’ म्हटले आहे. अनेक विद्यार्थी तिथे ‘संघराज्य’ लिहितात, पण संघराज्य हा फेडरेशनसाठी वापरला जाणारा शब्द आहे आणि घटनाकारांनी तिथे ‘फेडरेशन’ हा शब्द जाणूनबुजून टाळला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याचे कारण स्पष्ट केले. भारताचे संघराज्य घटक राज्यांच्या आपसातील करारातून जन्मलेले नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही, आणि ते अभंग असल्यामुळेच त्याला युनियन म्हटले आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आपला तिसरा प्रश्न, म्हणजे जोड सुटते का, याचे इतके नेमके उत्तर दुसरीकडे क्वचितच मिळते. मोटारीवरचा नट आणि पहिला अनुच्छेद यांत इंग्रजी शब्द एकच आहे. एक सुटण्यासाठी केलेला, तर दुसरा न सुटण्यासाठी निवडलेला.

त्याच कुळातले पुढचे शब्द मात्र रूढीप्रमाणे लिहावेत. सातव्या अनुसूचीत ‘संघसूची’ आहे, वर्तमानपत्रात ‘केंद्र सरकार’ आणि ‘केंद्रीय अर्थसंकल्प’ आहेत, तर युनियन टेरिटरीसाठी ‘केंद्रशासित प्रदेश’ हा शब्द सर्वांना ठाऊक आहे. अधिकृत पत्रव्यवहारात ‘संघ लोकसेवा आयोग’ आणि बातमीत ‘केंद्रीय लोकसेवा आयोग’ असे दोन्ही चालते. एका मजकुरात एकच ठेवावे. बाहेरच्या देशांच्या बाबतीत युरोपीय संघ आणि सोव्हिएत संघ रुळलेले आहेत. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धाच्या वर्णनात हा शब्द आला तर तिथे तो फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांविरुद्ध लढणाऱ्या बाजूचे नाव असतो, आणि १७०७ मध्ये इंग्लंड व स्कॉटलंड एक झाले त्या कायद्यासाठी ‘एकीकरणाचा कायदा’ असे लिहिलेले बरे.

शाळेच्या गणितात दोन संचांच्या युनियनला ‘संयोग’ म्हणतात. एका गल्लीत २५ घरांत विडीचे काम चालते, २० घरांत यंत्रमागावर जाणारे कोणी आहे आणि त्यांपैकी १० घरांत दोन्ही आहे, तर संयोगात ४५ नव्हे, ३५ घरे येतात, कारण दोन्हीकडे असलेले घर एकदाच मोजले जाते. एसक्यूएल या संगणकातील माहितीसाठे हाताळण्याच्या भाषेतील ‘युनियन’ हेच करते आणि पुनरावृत्त ओळी गाळते. त्या राखायच्या असतील तर ‘युनियन ऑल’ लिहावे लागते. सी या संगणकभाषेतील ‘युनियन’मध्ये तर अनेक घटक स्मृतीची एकच जागा वाटून घेतात, म्हणून दोन्ही ठिकाणी शब्द जसाच्या तसा लिहावा. गणिताबाहेर ‘संयोग’ वापरू नये. सामान्य वाचकाला तो योगायोगाच्या जवळचा वाटतो.

विणकरांच्या शहरात कापडाचा अर्थ विसरून चालणार नाही. कापड उद्योगाच्या इंग्रजीत ‘युनियन’ म्हणजे ताणा (उभे धागे) एका जातीच्या धाग्याचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या जातीचा असलेले कापड, उदाहरणार्थ सुती ताण्यावर लिननचा बाणा. वेगवेगळे तंतू एकत्र करून मग सूत काततात ते कापड यापेक्षा वेगळे असते, त्यामुळे दोन्हींना सरसकट ‘मिश्र कापड’ म्हटले तर खरेदीदार फसतो. ‘सुती ताणा, लिननचा बाणा’ असे फोडून सांगणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

सर्वांत अवघड जागा भक्तीच्या लेखनात येते. मकर संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेत भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, सात नंदीध्वज मिरवत येतात आणि ‘दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम’ या घोषात अक्षता पडतात. हा सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा झालेला प्रतीकात्मक विवाह आहे. इंग्रजी लेखक त्याला युनियन म्हणून थांबतो. पण ‘मीलन’ असे लिहिले तर यात्रेला गेलेला कोणत्याही सोलापूरकराला ते खटकल्यावाचून राहणार नाही. योगी असलेल्या सिद्धरामांशी नव्हे, तर त्यांच्या योगदंडाशी लग्न लागले, हाच त्या कथेचा गाभा आहे, म्हणून तिथे ‘विवाह’ हाच शब्द हवा आणि ‘योगदंड’ गाळता कामा नये.

त्याच सिद्धरामांच्या वचनांचा इंग्रजी अनुवाद वाचताना मात्र हाच शब्द वेगळ्या उंचीवर जातो. वीरशैव विचारात भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य अशी सहा स्थले, म्हणजे साधनेच्या पायऱ्या, सांगितली आहेत, आणि शेवटच्या स्थलात अंग (जीव) व लिंग (शिव) असे दोन वेगळे उरतच नाहीत. तिथे ‘ऐक्य’ किंवा ‘सामरस्य’ हेच शब्द योग्य आहेत. दोघे उरणारा ‘संगम’ किंवा ‘भेट’ हा शब्द वापरला तर वचनाचा अर्थच उणा होतो. सोलापुरात निधनाच्या बातमीत ‘लिंगैक्य झाले’ असे आपण वाचतो, तेव्हा तो कोरडा शब्द नसतो. घरच्यांनी त्या माणसाच्या जाण्याकडे कसे पाहिले, हे त्यातून सांगितलेले असते. अशा मजकुराचा अनुवाद करण्यापूर्वी त्या घरातल्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला विचारून घ्यावे.

आणखी एक जागा केवळ डोळ्यांच्या सवयीची आहे. रसायनशास्त्राच्या इंग्रजी मजकुरात आयन न झालेल्या पदार्थासाठी असलेले ‘अन-आयनाइज्ड’ हे विशेषण आणि ‘संघटित’ कामगारांसाठी असलेले ‘युनियनाइज्ड’ हे विशेषण यांची अक्षरे अमेरिकी स्पेलिंगमध्ये तंतोतंत सारखी असतात. फक्त उच्चार आणि फोड वेगळी असते. रंगप्रक्रियेच्या कागदांवर काम करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. याच लॅटिन मुळातून कांद्याचे इंग्रजी नावही आले, कारण पाकळ्यांवर पाकळ्या असूनही कांदा हा एकच गड्डा असतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. आपल्या बाजार समितीत हंगामात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा मला ही व्युत्पत्ती नेहमी आठवते.

अनुवाद पूर्ण झाल्यावर मराठी मजकूर इंग्रजी न पाहता मोठ्याने वाचावा, आणि जिथे जिथे ‘संघटना’, ‘संघ’ किंवा ‘संयोग’ आला असेल तिथे थांबून ते वाक्य त्या कामाशी संबंध असलेल्या माणसाला दाखवावे: हाडाचे असेल तर परिचारिकेला, पाइपचे असेल तर प्लंबरला, कापडाचे असेल तर विणकराला. त्या कामगाराच्या अहवालातली ओळ कोणत्याही वॉर्डातल्या परिचारिकेने एका नजरेत दुरुस्त केली असती.