आकाशगंगेचा गाभा पाहायचाय? या चुका टाळा

थंडीत मराठवाड्याचं आकाश निवळलेलं असतं, म्हणून बरेच जण डिसेंबरात आकाशगंगेचा गाभा शोधायला माळावर जातात. पहिली चूक हीच. त्या दिवसांत सूर्य स्वतःच गाभ्याच्या दिशेला असतो, त्यामुळे गाभा सूर्याबरोबर उगवतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो. तेव्हा रात्री मृगाजवळून जाणारा जो फिकट पट्टा दिसतो, ती आकाशगंगेची बाहेरची बाजू.

चैत्री अमावास्येच्या आसपास जा. मध्यरात्री गाभा आग्नेयेला वर आलेला असतो, पहाटे चारच्या सुमारास थेट दक्षिणेला, जवळपास ४२ अंश उंच. लंडनहून तो १० अंशही वर येत नाही. आपल्याला हे घरबसल्या मिळालंय! सर्वपित्री अमावास्येला पाऊस उघडला असेल, तर अंधार पडताच नैऋत्येला पाहा.

जागा निवडताना शहर उत्तरेला राहील असं बघा. संभाजीनगरहून म्हैसमाळला गेलात, तर शहराचा उजेड नेमका आग्नेयेला येतो आणि उगवता गाभा त्यात बुडतो. अंधारात अर्धा तास तरी मोबाइल उघडू नका.

आता दिशा. वृश्चिकाच्या शेपटीतल्या मूळ नक्षत्राच्या पूर्वेला धनु राशीतली चहाची किटली, म्हणजे किटलीसारखी दिसणारी ताऱ्यांची आकृती, सापडते. तिच्या तोटीच्या टोकापासून पश्चिमेला साधारण साडेचार अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या तीन बोटांएवढ्या अंतरावर, केंद्र आहे. सगळ्यात उजळ ठिपका म्हणजेच केंद्र, असं समजू नका. मेसिए २४ हा ठळक तारकामेघ आपल्यापासून १०,००० प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. केंद्र २६,००० हून जास्त.

मोठी दुर्बीण घेतली की केंद्रातले तारे दिसतील, ही सर्वांत महागडी चूक. मधल्या धुळीतून दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांपैकी जेमतेम एक इथवर पोचतो. खगोलशास्त्रज्ञ अँड्रिया गेझ आणि राइनहार्ड गेन्झेल यांनी धुळीतून आरपार येणारा अवरक्त प्रकाश वापरला, तेव्हा कुठे एस-२ हा तारा केंद्राभोवती १६ वर्षांत एक फेरी घालताना दिसला. केंद्रात ४० लाख सूर्यांएवढ्या वस्तुमानाचं कृष्णविवर असल्याचा तो पुरावा २०२० च्या नोबेलपर्यंत गेला. औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेतून हे कृष्णविवर दिसेल, असंही कुणी म्हणतं. तसं होणार नाही. लायगो टिपतं त्या लहरींची कंप्रता फार वेगळी.

मग आपण काय पाहायचं? धुळीतली फट! १९४० च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी ती हेरली. तोटीच्या टोकाचा तारा गॅमा धनू. त्याच्या वायव्येला अर्ध्या अंशाच्या आसपास धूळ विरळ आहे. तिथून आपली नजर केंद्रापासून दोनेक हजार प्रकाशवर्षांवरून जाते आणि गाभ्याच्या फुगीर भागातले तारे खरोखर दिसतात. सहा इंची दुर्बिणीत एनजीसी ६५२२ आणि ६५२८ हे दोन गोलाकार तारकागुच्छ शेजारी-शेजारी धुरकट ठिपक्यांसारखे येतात. इथे घाईने वर्धन वाढवू नका. कमी वर्धनाची आयपीस (डोळ्याकडचं भिंग) लावा, गॅमा धनूचा पिवळट उजेड डोळ्यात जाऊ नये म्हणून त्याला चौकटीबाहेर सरकवा, आणि ठिपक्यावर रोखून न पाहता त्याच्या किंचित बाजूला नजर ठेवा.