डिस्क गोल्फ: बागेतल्या छोट्या कोर्सवर या चुका टाळा

अमेरिकेत मिनियापोलिसच्या उपनगरात आमच्या घरामागे एक बाग आहे. झोपाळे, घसरगुंडी, एक तळं, आणि या सगळ्यातून वाट काढत जाणारा नऊ होलचा डिस्क गोल्फ कोर्स. तिकीट नाही, बुकिंग नाही. डिस्क, म्हणजे फ्रिस्बीसारखी प्लास्टिकची चकती, घ्यायची आणि सुरू व्हायचं. सगळ्यात लांबचं होल, म्हणजे फेकायच्या जागेपासून बास्केटपर्यंतचा टप्पा, अडीचशे फुटांचं, बाकीची दीडशे-दोनशेची. टी पॅडवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, फेकायचं, डिस्क जिथे पडेल तिथून पुढची फेक, आणि शेवटी साखळ्यांच्या बास्केटमध्ये. कमी फेकींत पोचेल तो जिंकला.

मी इथे दोन उन्हाळे आपटी खाल्ली. आता नवीन कुणी येऊन चुकताना दिसलं की जुने मित्र भेटल्यासारखं वाटतं. जवळपास सगळ्या चुकांचं मूळ एकच: नको तिथे जोर.

पहिल्याच दिवशी ड्रायव्हर

दुकानात नजर आधी पातळ, धारदार कडेच्या ड्रायव्हरवर, म्हणजे लांब फेकीच्या डिस्कवर, जाते. डिस्कवर बहुधा चार आकडे असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण आणि शेवटचं ढळणं. डिस्ट्रॉयर या नावाजलेल्या ड्रायव्हरचे आकडे 12, 5, उणे 1 आणि 3. एव्हिआर या पटरचे, म्हणजे बास्केटजवळ वापरायच्या डिस्कचे, 2, 3, 0 आणि 1. पहिला आकडा मोठा म्हणजे डिस्क लांब जाणार, असं आपण धरून चालतो. पण ती डिस्कची अट आहे. ‘मला तेवढ्या वेगाने सोडलंस तरच मी नीट उडेन.’ नवशिक्याच्या हातात तेवढा वेग नसतो, आणि मग तीच ती तक्रार येते: माझी डिस्क नेहमी डावीकडेच का जाते?

कारण असं. डिस्कचा पुढे जाण्याचा वेग उतरला की हवा तिचं नाक, म्हणजे पुढची कड, वर उचलू पाहते. पण डिस्क स्वतःभोवती फिरत असते, त्यामुळे नाक उचललं न जाता ती एका अंगावर कलते. फिरत्या भोवऱ्याला टिचकी मारली तर तो टिचकीच्या दिशेने न कलता आडवाच कलतो ना, तोच प्रकार. उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्याची डिस्क डावीकडे कलते, डावखुऱ्याची उजवीकडे. ड्रायव्हरच्या बाबतीत हे फार लवकर सुरू होतं आणि डिस्क थेट झुडपात शिरते.

उपाय स्वस्त आहे: एक पटर, एक मिडरेंज (मधल्या अंतराची डिस्क), दोन्ही शक्यतो 165 ग्रॅमच्या आतबाहेर. दोनशे फुटांच्या होलला याहून जास्त काही लागत नाही. पहिले काही महिने तर मी एकट्या पटरनेच खेळायला सांगेन. पटर खोड्या लपवत नाही. फेक वाकडी गेली तर लगेच दिसतं.

डिस्क वर चढते आणि तिथेच मरते

नाक वर राहिलं की डिस्क आभाळात जाते, क्षणभर थबकते आणि डावीकडे कोसळते. लांब जावी म्हणून आपण वर फेकतो, आणि तिथेच फसतो. तांब्यातून पाणी ओतताना मनगट जसं खाली झुकतं तसं झुकवा, आणि पहिल्या काही फेकी छातीच्या उंचीवरच ठेवा. समोरून वारा असेल तेव्हा तर हे हमखास पाळा, कारण समोरचा वारा नाक वर असलेल्या डिस्कला पतंगासारखा उचलतो.

डिस्क थरथरत जात असेल तर पकड सैल आहे, किंवा हात शरीराभोवती गोल फिरतोय. हात छातीलगत सरळ रेषेत यायला हवा. लग्नाच्या मांडवामागे जनरेटर सुरू करताना दोरी ओढतात, तो झटका आठवा. आणि टी पॅडवर धावत येणं विसरा. उभ्याने फेकून दीडशे फूट सरळ जात नसेल, तर धावून ती फक्त जास्त लांब जाऊन वाकडी पडेल.

पट मारताना साखळ्यांवर राग

जून महिन्यात आई-बाबा आले होते. बाबांना कोर्सवर नेलं. मी वीस फुटांवरून दणकून पट, म्हणजे बास्केटमध्ये टाकायची जवळची फेक, मारला, साखळ्या खणखणल्या आणि डिस्क उसळून बाहेर. बाबा शांतपणे म्हणाले, “अरे, स्ट्रायकरला इतका जोर कशाला? सोंगटी पॉकेटवर आपटून परत येते.” त्यांचं सगळं तारुण्य चाळीतल्या कॅरमवर गेलेलं. त्यांनी खालून, हलकेच, भाकरी तव्यावर टाकावी तशी डिस्क सोडली. साखळ्यांचा जेमतेम आवाज झाला आणि डिस्क खाली बसली.

साखळ्या लावल्यात त्या डिस्कचा वेग खाण्यासाठी. 1975 साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्हला पहिला कायमचा कोर्स झाला, तेव्हा निशाण्याला नुसते खांब होते. डिस्क खांबाला लागली की नाही, यावर वाद व्हायचे. म्हणून हा कोर्स आखणाऱ्या एड हेडरिक यांनी साखळ्यांची बास्केट आणली. पण भरधाव डिस्क साखळ्याही अडवू शकत नाहीत.

नियमाची चूकही इथेच होते. बास्केटपासून 10 मीटरच्या आतून फेकल्यावर तोल सावरून उभं राहायचं, मगच पुढे पाऊल. फेकता फेकता पुढे पडलात तर फाउल. आणि डिस्क बास्केटच्या छपरावर जाऊन बसली तर ती आत गेली असं धरत नाहीत, कितीही हळहळलात तरी.

बाग आपल्या एकट्याची नाही

बाबागाडी ढकलणारी आई, कुत्रा फिरवणारे आजोबा, वाढदिवसाचं टोळकं: यांना इथे होल आहे हे ठाऊकही नसतं. माझा एक ड्रायव्हर हातातून उशिरा सुटला तो उजवीकडे पिकनिक शेडच्या पत्र्यावर ठण्णकन आदळला. खाली केक कापणं चालू होतं. कुणाला लागलं नाही, पण त्या दिवशी मी उरलेली होल न खेळताच घरी आलो. माणसं जाईपर्यंत थांबा, झाडाआडचं दिसत नसेल तर जोडीदाराला पुढे उभं करा, आणि डिस्क भरकटली तर लाजू नका, मोठ्याने ओरडा.

हरवणं

हिरवी डिस्क घेऊ नका. पानगळीत लाल-केशरीही दिसत नाही, तेव्हा झगझगीत गुलाबी उत्तम. बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात, त्यामुळे तळ्याकाठी जुनीच वापरा. खालच्या बाजूला पक्क्या मार्करने फोन नंबर लिहा. बर्फ वितळल्यावर एप्रिलमध्ये मला एकाचा फोन आला: तळ्याकाठच्या गवतात तुमची डिस्क सापडली. तोच तो ड्रायव्हर. आभार मानून घेऊन आलो. सध्या तो तुळशीच्या कुंडीखाली ताटली म्हणून आहे, पाणी अजिबात गळत नाही.