जुळ्यांच्या अभ्यासातून मानवी वर्तन कसे समजून घ्यावे

जुळ्यांवरील संशोधनाचा सगळा डोलारा एका साध्या तुलनेवर उभा आहे. एकबीज जुळी एकाच फलित बीजांडापासून होतात, त्यामुळे त्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. द्विबीज जुळी दोन वेगळ्या बीजांडांपासून होतात आणि जनुकांच्या दृष्टीने ती इतर सख्ख्या भावंडांसारखीच असतात, म्हणजे माणसामाणसांत जिथे जनुकीय फरक आढळतात तिथे त्यांचे सरासरी निम्मे साम्य असते. दोन्ही प्रकारची भावंडे एकाच वेळी, एकाच घरात वाढतात. म्हणून एखाद्या गुणात एकबीज जोड्या द्विबीज जोड्यांपेक्षा अधिक सारख्या निघाल्या, तर त्या जादा साम्यामागे जनुके असावीत असा तर्क करता येतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1875 मध्येच जुळ्यांकडे लक्ष वेधले होते, पण दोन प्रकारांची पद्धतशीर तुलना 1924 मध्ये त्वचारोगतज्ज्ञ हर्मान सीमेन्स यांनी अंगावरील तिळांच्या अभ्यासातून मांडली.

प्रथम आपला प्रश्न मोजता येईल असा करावा. ‘स्वभाव’ मोजता येत नाही. ठरावीक वयातील लाजाळूपणाचे गुण ठरावीक प्रश्नावलीने मोजता येतात. त्यानंतर जोडीचा प्रकार निश्चित करावा आणि हे काम डॉक्टरांच्या किंवा पालकांच्या आठवणीवर सोडू नये. गर्भाभोवतीचे बाहेरचे आवरण वेगवेगळे होते म्हणून जुळी द्विबीजच, असा समज सर्रास आढळतो; प्रत्यक्षात एकबीज जोड्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जोड्यांतही ती आवरणे वेगळी असतात. डीएनए चाचणी हा खात्रीचा मार्ग आहे. ती परवडत नसेल, तर लहानपणी ओळखीच्या माणसांची गल्लत होत असे का, अशा प्रश्नांची प्रश्नावलीही बहुतेक जोड्यांच्या बाबतीत बरोबर उत्तर देते. एकबीज जोडी जवळजवळ नेहमीच एकाच लिंगाची असते, म्हणजे दोघे मुलगे किंवा दोघी मुली, तेव्हा तुलनेसाठी द्विबीज जोड्याही एकाच लिंगाच्या घ्याव्यात. स्वेच्छेने पुढे येणाऱ्या जोड्यांवर विसंबण्यापेक्षा जन्मनोंदींवर आधारलेली नोंदवही चांगली. डेन्मार्कमध्ये अशी राष्ट्रीय नोंदवही 1954 पासून आहे.

आता गणित. समजा, एका गुणाचा सहसंबंध (जोडीतील साम्याचे माप; 1 म्हणजे पूर्ण साम्य) एकबीज जोड्यांत 0.80 आणि द्विबीज जोड्यांत 0.50 आला. दोहोंतील फरकाची दुप्पट, म्हणजे 0.60, हा आनुवंशिकतेचा अंदाज. एकबीज सहसंबंधातून तो वजा केला की उरणारे 0.20 हे भावंडांना सारखे बनवणाऱ्या परिस्थितीचे, आणि 1 मधून 0.80 वजा जाता उरणारे 0.20 हे त्यांना वेगळे करणाऱ्या अनुभवांचे. या शेवटच्या वाट्यात मोजमापातील चुकाही मिसळलेल्या असतात, हे मात्र फार वेळा विसरले जाते. द्विबीज सहसंबंध एकबीज सहसंबंधाच्या निम्म्याहूनही कमी निघाला तर हे सोपे सूत्र लावू नये. तिथे जनुकांचे परिणाम निव्वळ बेरजेने चालत नसण्याची शक्यता असते.

माझ्या मते खरी कसोटी लागते ती आकड्याचा अर्थ लावताना. 0.60 याचा अर्थ ‘एका माणसाचा साठ टक्के स्वभाव जनुकांनी घडवला’ असा मुळीच नाही. त्या विशिष्ट लोकसमूहात, त्या काळात, माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकांपैकी तेवढा वाटा जनुकीय फरकांशी निगडित आहे, एवढेच तो सांगतो. हाताची बोटे जनुकांच्या सूचनेनेच घडतात, तरीही प्रौढांमधील बोटांच्या संख्येतील फरक बहुतांशी अपघातांमुळे पडतात, म्हणून त्या फरकांची आनुवंशिकता अगदी कमी भरते. परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो. वयानुसारही तो हलतो: चार देशांतील सुमारे 11,000 जोड्यांच्या एकत्रित अभ्यासात सामान्य बुद्धिमत्तेच्या बाबतीत तो 9 व्या वर्षी 41 टक्के, 12 व्या वर्षी 55 टक्के आणि 17 व्या वर्षी 66 टक्के आढळला. मूल मोठे होते तसे ते आपल्या कलानुसार मित्र, छंद आणि वाचन निवडू लागते, हे याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. वाढीचा अभ्यास करणाऱ्याने म्हणूनच एकाच वयाच्या मोजणीवर थांबू नये.

एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. एकबीज जुळ्यांना एकसारखे कपडे घातले जातात, त्यांना एकसारखे वागवले जाते. मग साम्य जनुकांचे की वागणुकीचे? हे तपासण्याची एक सुंदर युक्ती म्हणजे ज्या जोड्यांचा प्रकार पालकांना चुकीचा वाटत होता अशा जोड्या पाहणे. त्यांचे साम्य पालकांच्या समजुतीप्रमाणे न जाता खऱ्या प्रकाराप्रमाणे गेले, तर आक्षेपाची धार कमी होते.

एखादी सवय खरोखर कारण आहे का हे पाहायचे असेल, तर भिन्न सवयींच्या एकबीज जोड्या शोधाव्यात: एक भाऊ धूम्रपान करणारा, दुसरा न करणारा. जनुके आणि घर दोन्ही सारखे असल्यामुळे त्यांच्या फुप्फुसांतील फरकाचा दोष यांपैकी कशावरही ढकलता येत नाही. तरीही दोघांपैकी एकानेच सिगारेट का उचलली, हा प्रश्न प्रत्येक जोडीला स्वतंत्रपणे विचारावाच लागतो, कारण त्या मूळ कारणाचा परिणामही त्याच फरकात लपलेला असू शकतो.