बांबूच्या लगद्यासाठी सोडा, क्राफ्ट की सोडा-अँथ्राक्विनोन? तुलना कशी करावी

बांबू रसायनात शिजवून कागदाचा लगदा करण्याच्या इथे तीन पद्धती आहेत: सोडा (नुसता कॉस्टिक सोडा), क्राफ्ट (कॉस्टिकबरोबर सोडियम सल्फाइड) आणि सोडा-अँथ्राक्विनोन (कॉस्टिकमध्ये थोडे अँथ्राक्विनोन). त्यांची तुलना करताना बहुतेक जण आधी उतारा, म्हणजे कोरड्या बांबूपासून किती लगदा मिळाला ते, पाहतात आणि तिथेच फसतात. कमी शिजलेल्या लगद्यात लिग्निन (धाग्यांना एकमेकांशी जखडून ठेवणारा पदार्थ) जास्त उरते, त्यामुळे त्याचे वजनही जास्त भरते. म्हणून उतारा आणि ताकद यांची तुलना काप्पा अंक (उरलेल्या लिग्निनचे माप) सारखा असतानाच करावी. काप्पा अंकाला 0.15 ने गुणले की लगद्यात उरलेल्या लिग्निनचे ढोबळ टक्के मिळतात. 20 काप्पा म्हणजे सुमारे 3 टक्के.

कच्चा माल सर्व पाकांसाठी, म्हणजे शिजवण्याच्या सर्व खेपांसाठी, एकच हवा. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा मानवेल बांबू घेतला, तर तो एकाच वयाचा, एकाच वेळी तोडलेला असावा आणि पेरे काढून टाकू नयेत. पेरांत रसायन उशिरा शिरते. ती वगळल्यास निकाल प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसतो.

आता एका पाकाचा हिशेब पाहू. पूर्ण कोरडे 200 ग्रॅम तुकडे हवे असतील आणि मालात 12 टक्के ओलावा असेल, तर 227 ग्रॅम तुकडे तोलावेत. 18 टक्के अल्कली म्हणजे 36 ग्रॅम कॉस्टिक सोडा. द्रवाचे प्रमाण 1:4 धरल्यास एकूण द्रव 800 मिलिलिटर होतो, पण त्यातले 27 मिलिलिटर पाणी तुकड्यांतच असल्याने द्रावण 773 मिलिलिटरच करावे. क्राफ्टसाठी 25 टक्के सल्फिडिटी (एकूण अल्कलीतला सोडियम सल्फाइडचा वाटा) धरली, तर कॉस्टिक 27 ग्रॅम आणि शुद्ध सोडियम सल्फाइड 8.8 ग्रॅम लागते. बाजारात मिळणारे पापुद्रे 60 टक्के शुद्धतेचे असतील तर ते साडेचौदा ग्रॅमच्या आसपास घ्यावेत. तिसऱ्या पद्धतीत सोड्याच्या पाकात 0.1 टक्के, म्हणजे 0.2 ग्रॅम अँथ्राक्विनोन घालावे.

प्रत्येक पद्धतीचे 14, 16, 18 आणि 20 टक्के अल्कलीवर, 165 अंश सेल्सिअसला, सारख्याच वेळेचे चार पाक करावेत आणि आलेखावरून 20 काप्पाचा उतारा वाचावा. या तापमानाला आत सुमारे 6 बार दाब असतो, तेव्हा स्वयंपाकघरातला कुकर इथे चालत नाही. शिवाय ॲल्युमिनिअम कॉस्टिकमध्ये विरघळून हायड्रोजन सोडते.

क्राफ्टमधील हायड्रोसल्फाइड लिग्निनचे बंध तोडते, त्यामुळे त्याच काप्पाला धागा कमी झिजतो आणि कागद मजबूत होतो. नुसत्या सोड्याला तेवढेच लिग्निन काढायला जास्त अल्कली किंवा जास्त वेळ लागतो, आणि त्यात सेल्युलोजही (धाग्याचा मुख्य घटक) खर्ची पडते. अँथ्राक्विनोन सेल्युलोजची टोके झिजण्यापासून वाचवते आणि लिग्निन तोडायलाही मदत करते, म्हणून ते ही दरी बरीच भरून काढते. क्राफ्टची दुर्गंधी आवरण्याची सोय नसलेल्या लहान केंद्राने माझ्या मते सोडा-अँथ्राक्विनोनच निवडावे; रसायन परत मिळवणारा बॉयलर असलेल्या गिरणीला क्राफ्ट परवडते.

सिलिका मात्र तिन्ही पद्धतींत पिच्छा सोडत नाही. अल्कलीत विरघळलेली सिलिका ब्लॅक लिकरबरोबर (शिजवल्यावर उरलेला काळा द्रव) बाष्पकात, म्हणजे हा द्रव आटवणाऱ्या यंत्रात, जाऊन खपली धरते, पुढे रसायन परत मिळवताना तयार होणाऱ्या चुन्याच्या गाळात अडकते आणि तो चुना पुन्हा भाजून वापरता येत नाही. म्हणून काप्पा आणि उताऱ्याबरोबर प्रत्येक लिकरमधील सिलिकाही मोजावी. क्राफ्टच्या लिकरमध्ये आम्ल कधीही ओतू नये, कारण त्यातून विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो.