फोल्डर जागेवरच असतो, शोध चुकतो: या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आमचं सेवा केंद्र. डी ड्राइव्हवर गावागावांचे फोल्डर, त्यात सातबारा, पीक विमा, दाखले. समोर उभा शेतकरी विचारतो, "काऊन भाऊ, सापडून नाही राह्यलं काय?" अशा वेळी एका ओळीची बॅच फाइल, म्हणजे विंडोजच्या कमांड खिडकीत चालणारी छोटी स्क्रिप्ट, कामी येते: डीआयआर कमांड, पुढे दुहेरी अवतरणात स्टार, टक्का, एक, स्टार (स्टार म्हणजे कुठलीही अक्षरं, टक्का-एक म्हणजे बॅच फाइलच्या नावापुढे आपण टाकलेलं फोल्डरचं नाव), मग स्लॅश एडी म्हणजे फक्त फोल्डर, स्लॅश एस म्हणजे आतले सगळे, स्लॅश बी म्हणजे नुसता पत्ता.

तरी फोल्डर मिळत नाही. का? बहुतेक वेळा आपण भलत्याच ड्राइव्हवर असतो. सीडी ही फोल्डर बदलायची कमांड, नुसतं 'सीडी डी कोलन' मारल्याने ड्राइव्ह बदलत नाही. स्क्रिप्ट बिचारी सी चाळते आणि 'फाइल नॉट फाउंड' म्हणते. सीडीपुढे स्लॅश डी लावा, किंवा नुसतं डी कोलन मारा. मी तर आता आधी कमांडच्या ओळीच्या सुरुवातीचं ड्राइव्हचं अक्षरच पाहतो.

दुसरं दुखणं स्पेलिंगचं, आणि आमच्याकडे हेच जास्त. वडगाव मी डब्ल्यूने लिहितो, पोरगा व्हीने. शेवटी कोणी 'गाव'ला ओ लावतो, कोणी नाही. पुढेमागे स्टार आहेच, मग पूर्ण नाव टाकायचा हट्ट कशाला? मधले 'एडीजीए' एवढेच टाका. सोबत आडगावही येईल. येऊ द्या, दोन ओळी वाचायला वेळ लागत नाही. लहान-मोठ्या अक्षरांची विंडोजला फिकीर नाही. लिनक्सला आहे, तिथे शोधायच्या 'फाइंड' कमांडला 'नेम'ऐवजी 'आयनेम' सांगा, आणि स्टार अवतरणातच ठेवा.

नावात मोकळी जागा असली तर टक्का-एकमध्ये पहिलाच शब्द जातो. नाव अवतरणात द्या आणि स्क्रिप्टमध्ये टक्का व एकच्या मध्ये टिल्ड, म्हणजे नागमोडी चिन्ह, घाला, नाहीतर अवतरणं दुप्पट होतात.

नाव न देताच एंटर दाबलं, तर दोन स्टार उरतात आणि अख्ख्या ड्राइव्हची यादी धावते. नुसती यादी असेपर्यंत ठीक. पण त्याच फाइलमध्ये पुढे फोल्डर पुसायची ओळ जोडली असेल, तर बाप्पा! आधी नाव रिकामं आहे का ते तपासणारी 'इफ'ची ओळ हवीच.

आणि फाइलला 'फाइंड' नाव देऊ नका. तिच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ती चालेल. बाहेर गेलात की विंडोजचाच फाइंड (फाइलींतला मजकूर शोधणारी कमांड) उठतो आणि भलतीच तक्रार करतो. आमच्या फाइलचं नाव 'हुडक' आहे.