रोहित पाहायला निघताना आधी तिथी पाहावी

ठाणे खाडीत साधारण नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत मुक्कामाला येणारे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, पाहण्यासाठी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीची फेरी घ्यायची असल्यास रविवार कधी आहे यापेक्षा भरती केव्हा आहे हे आधी पाहावे. ओहोटीला पक्षी दूरवरच्या चिखलात विखुरतात आणि उथळ पाण्यात बोटही नेता येत नाही. भरती चढू लागली, की तेच थवे उरलेल्या चिखलपट्टीवर दाटीने उभे राहतात.

भरतीचा अंदाज घरच्या कालनिर्णयावरूनही बांधता येतो. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची ढोबळ वेळ मिळते, आणि खाडीत आत ती थोडी उशिरा पोहोचते. म्हणजे दशमीला सकाळी साडेसातच्या सुमारास भरती असते, उन्हाचा त्रास नको असणाऱ्यांसाठी ही वेळ सर्वांत सोयीची. आरक्षण मात्र केंद्राकडून वेळ पक्की करूनच करावे.

फेब्रुवारी ते एप्रिलमधला दिवस निवडावा, कारण शेवाळ खाऊन चढलेला गुलाबी रंग तोवर चांगला गडद झालेला असतो. दुर्बीण घरी विसरू नये. मोबाइलच्या फोटोत नुसते गुलाबी ठिपके येतात.